रमाबाई रानडे

न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तल्यावर रमाबाईंनी उर्वरित आयुष्य स्त्रीशिक्षणास वाहिले. १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन स्थापन झाले आणि तेथील मुली ससून रुग्णालयात शुश्रूषा शिकू लागल्या. परक्या रोग्याचे अंथरूण बदलावयाचे, जखम धुवावयाची, ताप पाहावयाचा. हे काम कुलीन स्त्रीस अशोभनीय, असा त्या काळचा समज. आपल्या घरांतून तो अद्याप पुरता गेला आहे, असे मला वाटत नाही. एका समारंभात केशवपन झालेली विद्यार्थिनी बक्षीस घ्यावयास आली, तेव्हा सज्जातील कॉलेजकुमारांनी तिची टर उडविली. समारोपाच्या वेळी रमाबाई, ज्या स्वतः विधवा होत्या, बोलावयास उठल्या. तुमच्याही घरी अशी आई वा बहीण असू शकेल, मग तुम्हांस सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांस विचारले.