परदेशातला पाहुणा : मातेओ रिच्ची



स्मरणिकेसाठी आवडत्या ऐतिहासिक व्यक्तीवर लिही, असा निरोप आला तेव्हा मला नाव शोधावे लागले नाही. मी निवडलेला माणूस आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हता. पण बाईंनी भूमितीच्या तासाला ज्या युक्लिडची ओळख करून दिली, त्या युक्लिडला चिनी भाषेत नेणारा हा माणूस. मातेओ रिच्ची, इटलीतला ख्रिस्ती धर्मगुरू.

तो मला जवळचा वाटतो त्याला कारण आहे. तुम्हांला आठवत असेल, आपल्या वर्गात आम्ही ख्रिस्ती दोघी-तिघीच होतो. आता गेली बारा वर्षे सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे मी जपानमध्ये आहे. डबा खाताना सहकारी हमखास विचारतात, भारतीय असून तू ख्रिस्ती कशी, आणि रविवारी चर्चमध्ये तुम्ही नेमके करता काय? किती सांगावे आणि कुठे थांबावे, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. रिच्चीने हा विचार सत्तावीस वर्षे रोज केला.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतल्या माचेराता गावी झाला. वडिलांनी त्याला कायदा शिकायला रोमला पाठवले, पण १५७१मध्ये तो जेझुइट संघात दाखल झाला. रोमच्या महाविद्यालयात क्लावियस या नामवंत गणितज्ञाकडे तो गणित आणि खगोलशास्त्र शिकला. १५७८मध्ये त्याने लिस्बनहून जहाज धरले आणि सप्टेंबरात तो गोव्यात उतरला. नंतर त्याला इटली कधीच दिसली नाही.

आपली सहल जुन्या गोव्याला गेली होती. तिथल्या सेंट पॉल कॉलेजची आज फक्त एक कमान उरली आहे. रिच्ची भारतात आला तेव्हा हे कॉलेज भरभराटीत होते. गोवा आणि कोची मिळून तो जवळपास चार वर्षे इथे होता. त्याने शिकवले, स्वतःचा अभ्यास केला, आणि १५८०मध्ये कोचीला त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

त्या काळचा गोवा आपल्याला ठाऊक आहे. धर्माच्या मागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. देवळे पाडली गेली होती आणि १५६०पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकवू नये, शिकले तर ते गर्विष्ठ होतील, असाही विचार तिथे बळावला होता. १५८१मध्ये रिच्चीने रोमला, संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून त्याला विरोध केला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. पुढच्या आयुष्याची दिशा मला या पत्रातच दिसते.

१५८२मध्ये तो मकावला पोचला आणि पुढच्या वर्षी मिकेले रुज्जेरी या सहकाऱ्याबरोबर दक्षिण चीनमधल्या झाओछिंग शहरात राहायला गेला. इथे चित्र पूर्ण उलटे होते. पाठीशी फौज नाही, राज्य नाही. स्थानिक अधिकाऱ्याने राहू दिले तर राहायचे आणि जा म्हटले की निघायचे. त्याच्या हाती उरले ते फक्त बोलणे.

बोलायला आधी भाषा हवी. रिच्ची चिनी लिहा-वाचायला शिकला, कन्फ्यूशियसचे ग्रंथ त्याने मुळातून वाचले आणि ली मादौ हे चिनी नाव घेतले. घरात काचेचे लोलक, घड्याळे आणि युरोपची पुस्तके होती. ती पाहायला लोक येत. भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावरून त्याने १५८४मध्ये चिनी नावे घातलेला नकाशा तयार केला. तू कुठून आलास, किती लांबून, कशासाठी, असे प्रश्न त्यावरून आपोआप निघत, आणि कशासाठी या प्रश्नाच्या उत्तरात त्याची श्रद्धा येई.

गैरसमजही होत. मेरीमातेचे चित्र पाहून या लोकांचा देव म्हणजे एक स्त्री आहे, असे पाहुण्यांना वाटू लागले. मग त्या जागी ख्रिस्ताचे चित्र लावावे लागले. आधी या दोघांनी बौद्ध भिक्षूंसारखे मुंडण करून त्यांचा वेष घेतला होता. छू रुक्वेई नावाचे एक सुशिक्षित गृहस्थ पाऱ्याची चांदी करायची विद्या मिळेल या आशेने रिच्चीकडे आले आणि गणित शिकत बसले. त्यांनीच समजावले की चीनमध्ये विचारांची चर्चा विद्वानांशी होते, तेव्हा वेषही विद्वानाचा हवा. रिच्चीने ते ऐकले. गुरू म्हणून आलेला माणूस शिष्याचे ऐकतो, हे मला मोठे वाटते.

१५८९मध्ये नव्या अधिकाऱ्याने त्यांना झाओछिंगमधून घालवून दिले. शाओझोऊला १५९२मध्ये रात्री घरावर हल्ला झाला. खिडकीतून उडी मारताना त्याचा पाय दुखावला आणि तो कायमचा लंगडू लागला. हल्लेखोर पकडले गेले तेव्हा शिक्षा सौम्य व्हावी म्हणून त्यानेच रदबदली केली.

१५९५मध्ये तो नानछांगला आला. तिथे त्याची स्मरणशक्ती गाजली. चिनी अक्षरांची लांबलचक यादी एकदा वाचून तो ती सरळ आणि उलटी म्हणून दाखवी. साहजिकच परीक्षार्थींची रीघ लागली! त्याच वर्षी त्याने चिनी भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. विषय धर्म नव्हता, मैत्री होता. युरोपातल्या जुन्या विचारवंतांची मैत्रीविषयीची मते त्यात त्याने गोळा केली होती. पुस्तक हातोहात पसरले.

आता एक अवघड प्रश्न. ही मैत्री म्हणजे गळाला लावलेले आमिष होते का? आपण बटाटेवडा खात बोलत असतो तर तुमच्यापैकी कुणीतरी हे नक्की विचारले असते. रिच्चीने आपला हेतू लपवला नाही, आणि बौद्ध मतांवर त्याने केलेली टीका मला एकांगी वाटते. पण त्याच्या सगळ्याच मित्रांनी धर्म स्वीकारला नाही, आणि तरीही मैत्री टिकली. नानजिंगला भेटलेला बंडखोर विचारवंत ली झी याला हा माणूस फार आवडला, पण तो इतक्या लांब कशासाठी आला हे कोडे मात्र शेवटपर्यंत सुटले नाही. नकाशाच्या कामात साथ देणारे ली झिझाओ कित्येक वर्षे बाप्तिस्म्याविना त्याचे मित्र राहिले. १६१०मध्ये ते जिवावरच्या दुखण्यात पडले तेव्हा रिच्चीने त्यांची शुश्रूषा केली आणि तेव्हा कुठे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

२४ जानेवारी १६०१ रोजी रिच्ची बीजिंगला पोचला. वाटेत एका दरबारी अधिकाऱ्याने सामान तपासताना क्रूस पाहिला आणि तो सम्राटाला मारायचा चेटूक आहे, असा संशय घेतला होता. सम्राट वानलीने त्याला कधीच भेट दिली नाही. रिच्चीने रिकाम्या सिंहासनाला मुजरा केला. पण टोले देणारे घड्याळ सम्राटाला आवडले, आणि ते चालू ठेवायला हा परदेशी हवाच होता. आम्हा देखभाल करणाऱ्या इंजिनिअरांना हे चांगलेच समजेल.

१६०३मध्ये त्याने आपल्या श्रद्धेवरचा ग्रंथ छापला. तो एक चिनी विद्वान आणि एक पाश्चात्त्य विद्वान यांच्या संवादाच्या रूपात आहे. चिनी विद्वान शंका काढतो, हरकत घेतो. ख्रिस्ताची गोष्ट येते ती अगदी शेवटच्या प्रकरणात. १६०७मध्ये शू ग्वांगछी या मित्राबरोबर त्याने युक्लिडची पहिली सहा पुस्तके चिनीत आणली. भूमितीसाठी आजचा चिनी शब्द त्या भाषांतरातून रूढ झाला.

येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला परतभेट द्यायची तिथली रीत होती. १६१० हे परीक्षांचे वर्ष, त्यामुळे बीजिंग परीक्षार्थींनी भरले होते. भेटी आणि परतभेटींत तो पार थकला. मेच्या सुरुवातीला अंथरुणाला खिळला आणि ११ मे रोजी वारला. वय ५७. परदेशी माणसाला राजधानीजवळ दफनासाठी सम्राटाने जागा दिली. त्या वेळी साऱ्या चीनमध्ये ख्रिस्ती होते जेमतेम दोन-अडीच हजार.

पूर्वजांना मान देण्याच्या चिनी प्रथा ख्रिस्ती माणसाने पाळायला हरकत नाही, असे त्याचे मत होते. पुढे त्यावर मोठा वाद झाला आणि १७४२मध्ये पोपने त्या प्रथांना ठाम मनाई केली. ती सैल झाली १९३९मध्ये.

गोव्यात सत्तेच्या सावलीत सांगितलेला धर्म आणि चीनमध्ये पाहुणा होऊन सांगितलेला धर्म, दोन्ही रिच्चीने पाहिले. ऐकणाऱ्याला नाही म्हणता येते तेव्हाच आपले सांगणे खरे सांगणे होते, असे मला त्याच्या चरित्रावरून वाटते. कुणाला यावर माझ्याशी भांडायचे असेल तर स्नेहसंमेलनात माझ्या शेजारची खुर्ची राखून ठेवते.