न्यूकॅसलच्या विदुषी मार्गारेट कॅव्हेंडिश

मार्गारेटबाईंचा जन्म १६२३ मध्ये इंग्लंडातील कोल्चेस्टर येथे झाला. मुलींना शास्त्रे शिकविण्याची रीत तेथेही तेव्हा नव्हती. यादवी युद्धात राणीच्या परिवारातून त्या पॅरिसला गेल्या. तेथे १६४५ मध्ये विल्यम कॅव्हेंडिश या परागंदा सरदाराशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांच्या लेखनास मनापासून उत्तेजन दिले, हे आमच्या बंधुवर्गाने अवश्य ध्यानी घ्यावे.

१६६६ मध्ये त्यांनी ‘द ब्लेझिंग वर्ल्ड’ ही विलक्षण कथा प्रसिद्ध केली. पळवून नेलेली एक युवती उत्तर ध्रुवावरून निराळ्याच जगात पोहोचते आणि तेथील सम्राज्ञी होते. तेथील अस्वलमानव दुर्बिणींतून आकाश पाहतात आणि आपसांत कडाडून भांडतात. सम्राज्ञी संतापून दुर्बिणी फोडण्याची आज्ञा करते. तेव्हा वादाविना आम्हांस करमणार नाही, अशी काकुळतीची विनवणी ते करतात! सभांतील वादांचा अनुभव असलेल्या आमच्या सभासदांस हा प्रसंग विशेष रुचेल. पुढे लेखनिक म्हणून सम्राज्ञी खुद्द मार्गारेटबाईंच्याच आत्म्यास पाचारण करते.

१६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने बाईंना प्रयोग दाखविले. सभासदत्व मात्र दिले नाही. स्त्रियांना ते प्रथम १९४५ मध्ये लाभले. बाईंना लोक वेडी म्हणत. १६७३ मध्ये त्या निवर्तल्या, आणि कथा विस्मृतीत गेली. १९२५ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी त्यांच्यावर लिहिले, तेही काहीशा थट्टेनेच. १९९४ मध्ये पेंग्विनने ती कथा स्वस्त आवृत्तीत काढली. आज विज्ञानकथेच्या आद्य नमुन्यांत तिची गणना होते.