हात गेला तर घर कसं चालणार?

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. त्या घणसोलीला राहतात आणि इथल्याच एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातात. मशीनचं गार्ड काढून ठेवलेलं होतं, कारण ते लावलं की माल कमी निघतो. ठेकेदार पहिले आठ दिवस फळं घेऊन येत होता. मग म्हणायला लागला की, यांचं नाव हजेरीवरच नाही! ताईंचे कागद गोळा करत फिरताना मला नारायण मेघाजी लोखंडे नव्याने भेटले. बी.ए.ला इतिहास होता माझा, तरी रविवारची सुट्टी मिळवून देणारे, यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

लोखंडे तसे आपल्या शेजारचेच. 1848 साली ठाण्यात जन्मले. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. पहाटे कामाला येणारी, अंधारात घरी जाणारी माणसं त्यांनी तिथे रोज पाहिली असणार. फिरत्या पट्ट्यात अडकलेले हातही पाहिले असणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा केलेला नवा माणूसही. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. 1880 पासून ‘दीनबंधू’ हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं.

1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं, अपघात झाला तर कळवायचं, एवढं त्यात होतं. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल चकार शब्द नव्हता. आणि ज्याचा हात गेला त्याच्या घरी चूल कशी पेटणार, तेही कोणी विचारलं नव्हतं.

ते लोखंड्यांनी विचारलं. 1884 साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, या मागण्या त्यात होत्याच. शिवाय कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी, असंही होतं. मला ही मागणी फार शहाणी वाटते. जखमेचा खर्च मालकाच्या वहीत पडायला लागला की यंत्राभोवतीचं कुंपण आपोआप स्वस्त वाटू लागतं. घरखर्च सांभाळणाऱ्या कोणालाही हा हिशेब समजेल, नाही का?

1890 साली त्यांनी हजारो कामगारांची सभा भरवली, त्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या काळात, भर सभेत! त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी न्हावी मंडळींनाच उभं केलं, तो तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णांची सेवा करताना त्यांनाच तो झाला आणि 9 फेब्रुवारी 1897 ला ते गेले. वय जेमतेम 49.

नुकसानभरपाईचा कायदा यायला 1923 साल उजाडलं. कारखान्यातला धोका कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला सांगितला पाहिजे, हे 1987 साली कायद्यात आलं, तेही 1984 मध्ये भोपाळला हजारो माणसं गेल्यावर. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वाचताना जरा धस्स होतं.

ताईंची केस चालू आहे. हजेरीवर नाव नसलं तरी गेटवरच्या वॉचमनच्या वहीत त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा सापडल्या. त्या पानांच्या मी दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, एक त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात.