मालवलेला दिवा आणि सोफी जर्मेन

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त एका कर्तबगार स्त्रीची ओळख करून देण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. मी पॅरिसच्या सोफी जर्मेनला निवडले, कारण तिची हकीकत वाचताना मला माझी आई आठवली. डोळे बिघडतील म्हणून तीही रात्री माझा कंदील मालवीत असे.

सोफीचा जन्म 1 एप्रिल 1776 चा. वडील रेशमाचे व्यापारी. 1789 साली क्रांतीचा भडका उडाला, तेव्हा तेरा वर्षांची ही मुलगी घरातच वडिलांच्या ग्रंथसंग्रहात रमली. आर्किमिडीजची कथा वाचून तिला गणिताचा ध्यास लागला. मुलीला हे कशाला, म्हणून आईवडील रात्री तिची शेगडी, मेणबत्त्या, उबदार कपडे काढून नेत. ती पांघरुणात गुरफटून, लपवलेल्या मेणबत्तीवर अभ्यास करी. दौतीतली शाई गोठलेली असे. अखेर घरच्यांनीच हात टेकले.

एकोल पोलितेक्निकमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. तिने तेथील व्याख्यानांची टिपणे मिळवली व लब्लां या पुरुषी नावाने लाग्रांज यांना निबंध पाठवला. खरे कळल्यावर त्यांनी तिचे कौतुकच केले.

पुढे क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये एक प्रयोग दाखवला. पत्र्यावर वाळू पसरून कडेवर व्हायोलिनचा गज ओढला की वाळूची जणू रांगोळी उमटे. पत्रा जेथे हलत नाही, तेथे वाळू जमते. याचे गणित मांडणाऱ्यास नेपोलियनच्या इच्छेवरून बक्षीस जाहीर झाले. 1811 साली निबंध आला तो एकट्या सोफीचा. पत्रा एखाद्या जागी दोन काटकोनी दिशांना जितका वाकेल, त्या दोहोंच्या बेरजेच्या प्रमाणात तो सरळ होऊ पाहतो, ही तिची कल्पना. परंतु रीतसर शिक्षण नसल्याने आकडेमोडीत चुका राहिल्या. तिच्याच कल्पनेवरून लाग्रांज यांनी समीकरण दुरुस्त केले. 1813 साली नुसता सन्माननीय उल्लेख झाला. तिसऱ्या खेपेस, जानेवारी 1816 मध्ये, बक्षीस मिळाले. ते घ्यायला ती गेली नाही. पत्र्याच्या कडांचे नियम तिला नीट साधले नव्हते. ते 1850 साली किर्खहोफने बसवले.

27 जून 1831 रोजी कर्करोगाने ती गेली. 1889 च्या आयफेल मनोऱ्यावर 72 विद्वानांची नावे कोरली गेली, त्यांत तिचे नव्हते.

भगिनींनो, माझा कंदील मालवला, तेव्हा मी निमूट झोपले. म्हणून सांगते, घरातली लेक रात्री पुस्तक घेऊन बसली, तर तिचा दिवा मालवू नका.