फाळक्यांचा सिनेमा बघितला आणि कोल्हापूरच्या मिस्त्रींनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला

कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला एक कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. रोज हजारो गाड्या त्याच्या बाजूनं जातात. दरवर्षी १ डिसेंबरला काही सिनेमावाली मंडळी तिथं जमतात, कॅमेऱ्याची पूजा करतात, हार घालतात आणि पांगतात. बाकी वर्षभर तो स्तंभ कशासाठी उभा आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही.

तो उभा आहे महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी. या कंपनीचा स्टुडिओ राहिला नाही आणि सिनेमेही जवळपास सगळे गेले. पण प्रभात, व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही नावं ज्या एका झाडाच्या फांद्या आहेत, ते झाड म्हणजे ही कंपनी. आणि ते लावणारा माणूस म्हणजे बाबूराव पेंटर.

पेंटर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचाच. वडील कसबी कारागीर होते. बाबूराव चित्रकलेच्या कुठल्या शाळेत गेले नाहीत, हात घरातच तयार झाला. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघं मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे. तो संगीत नाटकांचा बहराचा काळ होता. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या कंपन्यांना राजवाडा, जंगल, नदीकाठ असे भव्य पडदे लागायचे आणि या भावांच्या पडद्यांना मोठी मागणी असायची. लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. तो बघून या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. त्यांनी मुंबईच्या बाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला. त्यावर सिनेमे दाखवायचे आणि दाखवता दाखवता यंत्र समजून घ्यायचं, असा अभ्यास सुरू झाला.

पण सिनेमा दाखवायला प्रोजेक्टर लागतो आणि काढायला कॅमेरा. परदेशी कॅमेऱ्याची किंमत परवडणारी नव्हती, त्यातच पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. मग कॅमेरा आपणच बनवायचा, असं आनंदरावांनी ठरवलं. काम चालू असतानाच १९१६ मध्ये ते गेले.

इथं बाबूराव पडदे रंगवायला परत गेले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी काम सोडलं नाही. हाताशी शिष्य विष्णुपंत दामले होते. यंत्रांची उत्तम समज असलेला हा तरुण पुढं प्रभातचा खांब झाला. गुरुशिष्यांनी मिळून १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार केला. हे काम किती किचकट होतं ते समजून घ्यायला हवं. फिल्म प्रत्येक फ्रेमला क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणी झडप उघडून मिटली पाहिजे आणि लगेच फिल्म पुढं सरकली पाहिजे. हे सेकंदाला सोळाएक वेळा, तेही हातानं दांडा फिरवून. जरा चूक झाली की पडद्यावरचं चित्र थरथरणार.

आता प्रश्न पैशाचा होता. तो सोडवला तानीबाई कागलकर या गायिकेनं. भारतीय सिनेमाच्या इतिहासात भांडवल घालणाऱ्या शेठजींची नावं बरीच येतात, तानीबाईंचं नाव मात्र तळटिपेतच राहतं. त्यांचे पैसे नसते तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

कंपनीचा पहिला सिनेमा सैरंध्री. तो ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. विषय कीचकवधाचा. याच विषयावरच्या खाडिलकरांच्या नाटकावर इंग्रज सरकारनं १९१० मध्ये बंदी घातली होती, हे प्रेक्षक विसरले नव्हते. बाबूरावांनी भीमाच्या हातून होणारा वध इतका हुबेहूब दाखवला, की सेन्सॉरनं कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. आणखी एक गोष्ट म्हणजे या सिनेमात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. हरिश्चंद्राच्या तारामतीचं काम फाळक्यांना एका पुरुषाकडून करून घ्यावं लागलं होतं, आणि त्याला जेमतेम सात वर्षं झाली होती.

बाबूरावांची खरी ताकद मात्र डोळ्यात होती. ज्यानं आयुष्याची पहिली वर्षं रंगवलेल्या पडद्यांवर काढली, त्यानंच सिनेमातून रंगवलेले पडदे हद्दपार केले. त्यांनी भिंती, खांब, दरवाजे असलेले खरेखुरे सेट उभारले. शूटिंगच्या आधी पात्रांची, कपड्यांची चित्रं ते स्वतः काढायचे. १९२३ च्या सिंहगडमध्ये तानाजीची रात्रीची लढाई त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रित केली. उन्हाच्या भरवशावर सिनेमे काढण्याच्या काळात ही मोठी उडी होती. हा सिनेमा बघायला मुंबईत इतकी झुंबड उडाली, की ती बघूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असं सांगतात.

१९२४ चा कल्याण खजिना लंडनजवळच्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक घेऊन आला.

आणि मग १९२५ मध्ये आला सावकारी पाश. ना देव, ना राजा. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा, सावकारानं जमीन गिळलेल्या आणि शेवटी गिरणीत मजुरी करायला गेलेल्या शेतकऱ्याचा हा सिनेमा. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. त्यांना कंपनीत आणलं होतं मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांनी. सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही, लोकांना पौराणिक चमत्कारच हवे होते. पण ज्यांनी तो पाहिला त्यांना अंधारातली झोपडी आणि रडणारं कुत्रं कित्येक वर्षं आठवत राहिलं. सत्यजित रायांचा पाथेर पांचाली यायला अजून तीस वर्षं होती.

बाबूराव कामात मनस्वी होते. मनासारखं होईपर्यंत पुढं जायचं नाही, हा चित्रकाराचा स्वभाव, पण कंपनी अशी चालत नाही. कुरबुरी वाढत गेल्या आणि १ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींना सोबत घेऊन प्रभात काढली. तयार केलेली माणसं एकाच वेळी गेली. त्यानंतर लवकरच बाबूरावही बाहेर पडले आणि कंपनी बंद झाली. त्यातच बोलपट आले. शब्दांच्या गर्दीत चित्राची भाषा मरेल, अशी भीती बाबूरावांना वाटत होती. त्यांनी उषा, प्रतिभा असे बोलपट केले, पण पूर्वीचा दरारा परत आला नाही. ते पुन्हा रंग आणि मातीकडं वळले. १९४७ मध्ये शांतारामांनी लोकशाहीर रामजोशीसाठी गुरूला बोलावलं आणि दिग्दर्शक म्हणून दोघांचंही नाव लागलं. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले.

आता राहिलेला प्रश्न. सिनेमेच नाहीत, तर मग हे सगळं कळलं कसं?

त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती लवकर पेटते, आणि पेटली नाही तर डब्यातच चिकट होऊन सडते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. जुनी फिल्म धुतली की थोडी चांदी निघायची, त्यामुळं रिळं भंगारात गेली. देशात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, म्हणजे बाबूराव जाऊन दहा वर्षं झाल्यावर. तोवर बहुतेक रिळं संपली होती.

त्यामुळं या कंपनीचा शोध घेणाऱ्यांना कागद चाळावे लागतात. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी, थिएटरात विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि शिष्यांच्या आठवणी. शांतारामांचं शांतारामा हे आत्मचरित्र त्यात फार कामाला येतं. पण त्यातही गोची आहे. आठवणी लिहिल्या गेल्या पन्नास वर्षांनंतर, आणि लिहिणारा होता कंपनी सोडून गेलेला माणूस. सावकारी पाशच्या बाबतीत तर घोळ ठरलेलाच. बाबूरावांनी त्याच कथेवर १९३६ मध्ये बोलपट काढला, आणि त्याचे फोटो १९२५ च्या मूकपटाचे म्हणून सर्रास फिरतात.

मुरलीवाला आणि सती सावित्री या १९२७ च्या सिनेमांचे काही तुकडे तेवढे वाचले. कल्याण खजिनाची रिळं गेली, पण त्याचं पोस्टर राहिलं. चित्र असलेल्या भारतीय सिनेमाच्या पोस्टरांपैकी आज उपलब्ध असलेलं ते सर्वात जुनं मानलं जातं. तेही बाबूरावांच्याच हातचं.