मुदतीचा मान राखणारा लोकप्रतिनिधी

लोकशाहीवर प्रेम असल्याची ग्वाही सत्तेबाहेर असताना कोणीही देतो. त्या प्रेमाची परीक्षा होते ती स्वतःच्या पदरात पडणारा लाभ नाकारण्याची वेळ येते तेव्हा. या कसोटीला उतरलेली जी थोडी माणसे भारतीय राजकारणात होऊन गेली, त्यांत मधु लिमये यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला आणि संसदीय कारकीर्द बिहारच्या मतदारांच्या बळावर घडली. तथापि त्यांच्या तुरुंगवासाचा पहिला दीर्घ धडा खानदेशात, धुळ्याच्या कारागृहात गिरवला गेला, याचे स्मरण या भागातील वाचकांस असणे उचित होय.

१९३७ साली फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतलेला हा विद्यार्थी लवकरच काँग्रेस समाजवादी पक्षाकडे ओढला गेला. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांच्या सहवासात त्याची राजकीय जडणघडण झाली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय जनतेची संमती न घेता देशाला युद्धात ओढण्यात आले, हा समाजवाद्यांचा मुख्य आक्षेप होता. ऑक्टोबर १९४० मध्ये लिमये यांनी युद्धविरोधी प्रचारास प्रारंभ केला, आणि त्याबद्दल अवघ्या अठराव्या वर्षी त्यांची रवानगी धुळ्याच्या तुरुंगात झाली. सप्टेंबर १९४१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, ते तेथे होते.

त्या तुरुंगाला आणि त्या प्रदेशाला आधीच एक परंपरा लाभली होती. १९३२ साली विनोबांनी गीतेवरील प्रवचने याच कारागृहात दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते, आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांबरोबरच घटना समितीची मागणीही तेथे पुढे आली. जनतेची संमती हाच राज्याचा पाया, हा विचार खानदेशच्या मातीला परका नव्हता.

सुटकेनंतर लिमये यांनी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यास वाहून घेतले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले, सप्टेंबर १९४३ मध्ये पकडले गेले आणि जुलै १९४५ पर्यंत वरळी, येरवडा व विसापूर येथील तुरुंगांत राहिले. स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांचा तुरुंगाशी असलेला संबंध संपला नाही. जुलै १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारहाण केली. त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी न्यायासनाने त्यांना बारा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. या शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केले नाही. एकोणीस महिन्यांच्या बंदिवासानंतर १९५७ च्या आरंभी त्यांची सुटका झाली.

१९६४ साली मुंगेरच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत गेले. पुण्याच्या मराठी माणसाला बिहारच्या मतदारांनी १९६७ मध्ये पुन्हा त्याच मतदारसंघातून, आणि पुढे १९७३ व १९७७ मध्ये बांका येथून निवडून दिले. राज्यघटना, सभागृहाचे नियम आणि संसदीय प्रथा यांचा असा सूक्ष्म अभ्यास केलेले सदस्य थोडेच असतील. अल्पसंख्य विरोधकाचे खरे बळ नियमांच्या पुस्तकात असते, आवाजाच्या पट्टीत नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. प्रश्नोत्तराचा तास, हक्कभंग, हरकतीचा मुद्दा या साधनांच्या आधारे मूठभर सदस्यही प्रचंड बहुमताच्या सरकारला उत्तर द्यावयास भाग पाडू शकतात, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले.

तीच दृष्टी त्यांनी न्यायालयातही ठेवली. नोव्हेंबर १९६८ मध्ये लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. परंतु अटकेची कारणे त्यांना सांगण्यात आली नाहीत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा भंग झाल्याचे मान्य करून न्यायालयाने डिसेंबरात सुटकेचा आदेश दिला, आणि दंडाधिकाऱ्याने कोठडीचा हुकूम दिल्याने मूळ दोष धुऊन निघत नाही, असा निर्वाळाही दिला. जमावबंदीच्या १४४ व्या कलमाला दिलेले त्यांचे आव्हान मात्र १९७० साली फेटाळले गेले. म्हणून त्यांचा न्यायालयीन मार्गावरील विश्वास ढळला नाही.

त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग आणीबाणीत आला. जुलै १९७५ मध्ये अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारी १९७७ पर्यंत ते मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते. मार्च १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. सरकारने कायदा करून ती एका वर्षाने वाढविली. लिमये यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला, आणि तुरुंगात असलेले तरुण खासदार शरद यादव यांनीही तोच मार्ग पत्करला. त्याच वर्षी मुदत आणखी एका वर्षाने वाढविण्यात आली, आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेचा काळच सहा वर्षांचा केला.

या राजीनाम्यामागील तर्क पतपेढीच्या सामान्य सभासदासही समजेल. कर्जाची मुदत कर्जदाराने एकतर्फी वाढवून घ्यावयाची नसते. तो अधिकार ज्याचे धन आहे त्याचा. सत्ता ही मतदाराने ठरावीक मुदतीसाठी दिलेली ठेव होय. मुदत टळल्यानंतर ती परत न करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळेल, परंतु नैतिक अधिकार मिळणार नाही. आपला राजीनामा सरकारला हलवू शकणार नाही, हे लिमये जाणून असणारच. तरीही न मिळालेल्या संमतीचे वेतन त्यांनी घेतले नाही. जनता राजवटीत १९७८ साली संसदेने संमत केलेल्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली.

१९७७ च्या विजयानंतर त्यांनी मंत्रिपद नाकारले आणि जनता पक्षाचे सरचिटणीसपद स्वीकारले. त्यांच्यावरील सर्वांत मोठा आक्षेप याच कालखंडातील आहे. पक्षाच्या सदस्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही निष्ठा ठेवावी काय, हा दुहेरी निष्ठेचा वाद त्यांनी नेटाने लढविला. तो पक्ष फुटण्याचे एक प्रमुख कारण ठरला. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार गेले. मोठ्या कष्टाने उभारलेली पर्यायी सत्ता तात्त्विक आग्रहापायी गमावली, असे अनेकांना वाटले, आणि त्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु सत्ता टिकविण्यासाठी मूलभूत मतभेद झाकून ठेवणे हेही लोकशाहीला पोषक नसते. हा हिशेब अद्याप पुरता मिटलेला नाही.

सक्रिय राजकारणातून निवृत्त झाल्यावर ते लेखनात रमले. मराठी, हिंदी व इंग्रजीत मिळून त्यांची ग्रंथसंपदा विपुल आहे. स्वातंत्र्यसैनिकाचे आणि माजी खासदाराचे, अशी दोन्ही निवृत्तिवेतने त्यांनी नाकारली. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्मरण केवळ जयंतीपुरते नसावे. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली, जळगाव व धुळे महापालिकांची २०२३ मध्ये. निवडणुका मात्र वेळेवर झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकांकडे गेला. कारणे कायद्याची होती, न्यायालयीन होती, हे खरे. पण गल्लीतील गटाराची तक्रार कोणत्या नगरसेवकाकडे न्यावी, हे ठाऊक नसलेला नागरिक इतका काळ मुकाट राहिला, हे अधिक चिंताजनक आहे. मुदत वाढणे आणि मुदत संपून निवडणूक न होणे, या दोहोंत तोटा एकाचाच होतो, तो म्हणजे मतदाराचा. हा तोटा जाणवण्याइतका नागरिक जागा राहिला, तरच तुरुंगातून दिलेल्या त्या राजीनाम्याचे मोल आपल्याला कळले असे म्हणता येईल.