चित्रकार राजाचे औंध

औंध हे जेमतेम ७२ गावांचे संस्थान. तीही सलग नव्हेत, आणि बराचसा मुलूख दुष्काळी. १९०९ मध्ये त्याची गादी भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे आली. १८६८ मध्ये जन्मलेला हा राजा स्वतः चित्रकार होता, कीर्तनकार होता आणि सूर्यनमस्कारांचा हट्टी प्रचारकही.

बेळगावात कारखान्याची जागा गमावलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये नव्या जागेच्या शोधात होते. तेही एकेकाळी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते; रंगांधळेपणामुळे यंत्रांकडे वळले. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. कलेच्या आश्रयदात्याला लोखंडी नांगराचेही मोल कळावे, हे संस्थानिकांत दुर्मीळच.

चित्रकार आणि वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनाही त्यांनी औंधात आश्रय दिला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला साहाय्य केले. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्मा यांच्या चित्रांबरोबरच हेन्री मूर यांचे माता आणि मूल हे शिल्पही आहे. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यघटना देऊन सत्ता प्रजेकडे सोपवली.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. कारखान्याला बाजारपेठ होती, तो वाढतच गेला. संग्रहालय सरकारकडे गेले. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. बाळासाहेबांचे निधन १९५१ मध्ये झाले.